लॉक फाईल गिटइग्नोरमध्ये, आणि भांडण भलत्याच ठिकाणी

प्रश्न: परसोडीच्या आयटी पार्कमध्ये आमची सहा जणांची टीम आहे. मुख्य कामं दोन. एका ट्रॅव्हल्सवाल्यांसाठी गाड्यांच्या बुकिंगचं नोडमधलं (सर्व्हरवर चालणाऱ्या जावास्क्रिप्टमधलं) सॉफ्टवेअर, आणि कळमना मार्केटातल्या एका अडत्यासाठी पावत्या-हिशेबाचं पायथनमधलं. मागच्या डिसेंबरात, ऐन अधिवेशनाच्या आठवड्यात, ट्रॅव्हल्सवाल्यांच्या झाडून सगळ्या गाड्या बाहेर असताना मी एका ओळीचा बदल केला. बिल्ड हिरवा (म्हणजे कोड आणि पॅकेजं जोडताना कुठे चूक निघाली नाही), सर्व्हरवर डिप्लॉय झालं, आणि बुकिंगच्या तारखा एक दिवस मागे दिसायला लागल्या. माझ्या ओळीचा तारखांशी काडीचा संबंध नव्हता. जुना कमिट, म्हणजे गिटमध्ये साठवलेला आधीचा कोड, परत आणून पुन्हा बिल्ड केला, तरी तेच. रात्री उशिरा कळलं की आतलं कुठलंसं पॅकेज (दुसऱ्यांनी लिहिलेला तयार कोड) परस्पर पुढच्या आवृत्तीवर गेलं होतं.

तेव्हापासून टीममध्ये दोन तट आहेत. सर म्हणतात, सगळ्या आवृत्त्या पक्क्या बांधा, कॅरेट (^ ही 'पुढचंही चालेल' सांगणारी खूण) दिसला की काढून टाका. ताई म्हणतात, तसं केलं तर सिक्युरिटीचे पॅच कधी येणारच नाहीत आणि दोन वर्षांनी प्रोजेक्ट जागचा हलणार नाही. (प्रत्येक पॅकेजची नेमकी आवृत्ती नोंदवणारी लॉक फाईल आम्ही वापरत नाही. मर्ज करताना रोजची कटकट, म्हणून मागेच गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने न साठवायच्या फाईलींच्या यादीत, टाकली.) शिवाय नोडच्या तीन प्रोजेक्टांत मिळून वापरायची आमची स्वतःची एक छोटी लायब्ररी आहे, ती थेट मेन ब्रँचवरून, म्हणजे त्या क्षणी जो ताजा कोड असेल तो, घेतो. आता नियम लिहून काढायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. कोणाचं ऐकू?

ता. क. एखादं पॅकेजच इंटरनेटवरून गायब झालं तर काय करायचं?

— एक वाचक, नागपूर

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोठी गोष्ट तुम्ही कंसात टाकून मोकळे झालात. सर आणि ताई यांच्यात कोण बरोबर हे नंतर बघू. आधी ती फाईल गिटइग्नोरमधून बाहेर काढा. आजच काढा, नियम लिहून होईपर्यंत थांबू नका.

तुमच्या त्या रात्रीतलं मला सर्वांत गंभीर वाटलं ते तारखा चुकणं नव्हे. जुना कमिट बिल्ड केल्यावरही तेच झालं, हे गंभीर आहे. म्हणजे गिटमध्ये तुमचा कोड आहे, पण तुमचं सॉफ्टवेअर नाही. कोड तुम्ही लिहिलेला मूठभर, बाकीचं सगळं त्या क्षणी एनपीएमच्या (नोडची पॅकेजं उतरवणाऱ्या साधनाच्या) रजिस्ट्रीत, म्हणजे सार्वजनिक साठ्यात, जे ताजं असेल ते. मग मागे जायचा रस्ताच उरत नाही. बाकी काही जमलं नाही तरी रोलबॅक जमलाच पाहिजे, कारण ट्रॅव्हल्सवाला फोनवर ओरडत असताना तेवढीच एक गोष्ट हाताशी असते.

आता वादाकडे. दोघंही पॅकेज डॉट जेसनकडे, म्हणजे हव्या त्या पॅकेजांच्या यादीकडे, बोट दाखवून भांडताहेत, आणि त्या एकट्या फाईलमध्ये हा वाद सुटणारा नाही. पॅकेज डॉट जेसनमध्ये आपण लिहितो ते आपल्याला काय चालेल ते. ^४.१.२ लिहिलं तर ४.१.२ पासून पुढचं, पण ५ च्या आतलं काहीही चालेल. ~४.१.२ लिहिलं तर ४.२ च्या आतलंच. (पहिला आकडा शून्य असेल तर कॅरेटही आखडता हात घेतो: ^०.४.२ म्हणजे ०.५ च्या आतलंच. हे पुष्कळांच्या लक्षात नसतं.) लॉक फाईलमध्ये लिहिलेलं असतं ते प्रत्यक्षात काय घेतलं ते. एकदा उघडून बघा. प्रत्येक पॅकेजपुढे तीन ओळी दिसतील: नेमकी आवृत्ती, ती कुठल्या पत्त्यावरून उतरवली तो दुवा, आणि 'इंटेग्रिटी' नावाखाली एक लांबलचक हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ठसा. तो हॅश जुळला नाही तर एनपीएम पुढे जातच नाही. उद्या कोणी त्याच आवृत्तीच्या नावाखाली दुसरंच काही ठेवलं तरी तुमच्या बिल्डमध्ये ते शिरत नाही. सरांना हवा तो पक्केपणा हाच आहे, आणि तो कॅरेट काढून मिळत नाही.

का मिळत नाही, याचं उदाहरण तुमच्या पायथनच्या कामाशी जुळणारंच आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये मार्कअपसेफ या पॅकेजची २.१.० आवृत्ती आली आणि तिच्यातून 'सॉफ्ट_युनिकोड' नावाचं एक जुनं फंक्शन काढून टाकलेलं होतं. ते जाणार याची सूचना आधीपासून दिलेली होती, पण सूचना वाचतो कोण! जिंजा या टेम्प्लेटच्या पॅकेजच्या जुन्या २.११ मालिकेला ते फंक्शन लागायचं. रिक्वायरमेंट्स डॉट टेक्स्टमध्ये (पायथनकडची पॅकेजांची यादी) जिंजा दोन बरोबरच्या चिन्हांनी घट्ट बांधलेला, जिंजा वापरणारा फ्लास्क घट्ट बांधलेला, तरी पुष्कळ ठिकाणी बिल्ड होऊन अॅप सुरू होतानाच इम्पोर्ट एरर. कारण जिंजाने मार्कअपसेफ मागताना वरची मर्यादा घातलेली नव्हती आणि मार्कअपसेफ तुमच्या यादीत नव्हतंच. आपण बांधतो ती दहा-पंधरा नावं, खाली शेकडो मोकळीच असतात. तुमचंही तारखांचं पॅकेज 'आतलं कुठलंसं' होतं, म्हणजे सरांचा नियम त्या दिवशी लागू असता तरी तारखा मागे गेल्याच असत्या. हे त्यांना सांगताना जरा बेताने सांगा.

ताईंच्या म्हणण्यातही एक भोक आहे. आवृत्त्या मोकळ्या सोडल्या की पॅच आपोआप येतात, हे फक्त बिल्ड होईल तेव्हाच खरं. सर्व्हरवर चालू असलेल्या प्रोसेसला रजिस्ट्रीत काय आलं याचा पत्ताही नसतो. अडत्याचं सॉफ्टवेअर एकदा नीट चालायला लागलं की सहा-सहा महिने कोणी हात लावत नाही. तेवढे महिने ते बांधलेलंच असतं, फक्त कशाला बांधलंय हे कुठेही लिहिलेलं नसतं. डिसेंबर २०२१ मध्ये जावामध्ये नोंदी ठेवणाऱ्या लॉगफोरजे या पॅकेजात भगदाड सापडलं, तेव्हा जगभरच्या टीमचा पहिला प्रश्न 'पॅच कुठाय' हा नव्हता. 'आपल्याकडे हे कुठे-कुठे आहे आणि कुठली आवृत्ती आहे' हा होता. ज्यांच्याकडे लेखी नोंद होती त्यांनी शोधून काढलं, बाकीचे सर्व्हरमागून सर्व्हर उघडून बघत बसले. आणि दुरुस्तीही एका झटक्यात झाली नाही: २.१५.०, मग २.१६.०, मग २.१७.०, मग २.१७.१, सगळ्या त्याच एका महिन्यात. दर वेळी कोणीतरी बसून ठरवलं, बिल्ड केलं, चढवलं. मोकळ्या आवृत्तीने हे काम वाचलं नसतं.

मोकळेपणाचा दुसरा धोका तुम्हाला ठाऊक असेलच, तरी नियमात लिहायला दोन दाखले देतो. जानेवारी २०२२ मध्ये कलर्स या पॅकेजच्या कर्त्यानेच रागाच्या भरात १.४.१ मध्ये न संपणारा लूप घालून दिला. नुसता पॅच आकडा, म्हणजे तिसरा, वाढलेला, म्हणजे नियमाप्रमाणे सर्वांत निरुपद्रवी बदल. कॅरेटवाले (^) आणि टिल्डवाले (~) दोघंही सापडले. सप्टेंबर २०२५ मध्ये चॉक आणि डीबग ही पॅकेजं सांभाळणाऱ्याला बनावट मेल पाठवून त्याचं खातं लाटलं, आणि लोकांचं क्रिप्टो चोरणारा कोड घातलेल्या आवृत्त्या रजिस्ट्रीत टाकल्या. त्या साधारण दोन-अडीच तासच तिथे होत्या. त्या वेळात ज्यांचा बिल्ड लॉक फाईल न बघता चालला, त्यांनी त्या उचलल्या. त्यांच्या हातून काही चुकलं होतं असंही नाही, बिल्डची वेळ तेवढी वाईट निघाली.

म्हणून नियमाचं पहिलं वाक्य असं लिहा: आवृत्ती माणूस बदलेल, बिल्ड बदलणार नाही. पॅकेज डॉट जेसनमध्ये कॅरेट राहू द्या, ताईंचं समाधान होईल. लॉक फाईल कमिट करा, सरांचं होईल. आणि सीआयच्या (आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणाऱ्या यंत्रणेच्या) स्क्रिप्टमध्ये 'एनपीएम इन्स्टॉल' असेल तिथे 'एनपीएम सीआय' करा. फरक मोठा आहे. 'एनपीएम इन्स्टॉल' समजूतदार आहे, लॉक आणि पॅकेज डॉट जेसन जुळत नसलं तर गुपचूप लॉकच बदलून टाकतं. 'एनपीएम सीआय' तसं करत नाही. ते नोड मॉड्यूल्सचा फोल्डर पुसतं, लॉकमध्ये आहे तेच शब्दशः उतरवतं आणि जुळलं नाही तर लाल होऊन थांबतं. ही कमांड २०१८ पासून आहे आणि अजूनही कितीतरी पाइपलाइनमध्ये 'एनपीएम इन्स्टॉल'च दिसतं, का कोण जाणे. पायथनकडे हेच काम पिप-टूल्स किंवा यूव्हीने होतं: हवी ती नावं एका छोट्या फाईलमध्ये तुम्ही लिहायची, आणि खालच्या सगळ्या झाडासकट, हॅशसकट पक्की यादी साधनाने बनवायची. ती यादी हाताने सुधारायची नाही.

मर्जच्या कटकटीचं काय? ती खरी आहे, मी नाकारत नाही. हजारो ओळींच्या फाईलमध्ये कॉन्फ्लिक्टच्या (दोघांचे बदल आदळल्याच्या) खुणा बघून कोणाचंही डोकं फिरेल. पण त्या खुणा हाताने सोडवायच्याच नसतात. आधी पॅकेज डॉट जेसनमधला कॉन्फ्लिक्ट मिटवा, मग लॉक फाईल तशीच फुटलेली ठेवून 'एनपीएम इन्स्टॉल' चालवा. एनपीएम दोन्ही बाजू वाचून फाईल नीट करून देतं. मग कमिट. मिनिटाभराचं काम आहे. त्यातून कॉन्फ्लिक्ट रोज येत असेल तर त्याचा अर्थ जो तो आपापल्या ब्रँचवर मनाला येईल तेव्हा पॅकेजं वर नेतोय. ते बंद झालं की कॉन्फ्लिक्ट आपोआप विरळ होतील.

इथवर सोपं होतं. ताईंची खरी भीती पुढेच आहे आणि त्यात त्या शंभर टक्के बरोबर आहेत: एकदा लॉक केलं की लोक विसरतात. नुसतं बांधून ठेवलेलं प्रोजेक्ट पहिलं वर्ष गुणी वाटतं. तिसऱ्या वर्षी नोडची जुनी आवृत्ती आधाराबाहेर जाते, एक पॅकेज वर न्यायला गेलं की बारा पॅकेजं हलतात, आणि मग 'चालतंय ना, राहू द्या' हाच नियम होऊन बसतो. आपल्याकडे मार्च उजाडला की कूलरच्या ताट्या बदलतात. मागच्या वर्षीच्या चालल्या असत्या का, यावर घरात चर्चा होत नाही, तो ठरलेला खर्च आणि ठरलेला रविवार असतो. आवृत्त्यांचं तसंच करा. दर पंधरवड्याला एक ठरलेला दिवस, मंगळवार घ्या हवं तर, शुक्रवार मात्र नको. त्या दिवशी एक माणूस, आळीपाळीने, नावानिशी. 'टीम बघेल' असं लिहिलंत तर कोणीही बघणार नाही.

त्या माणसाचं काम हलकं करायला रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट लावा. ते स्वतःच नवीन आवृत्त्यांचे पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल कोडमध्ये घ्यायच्या विनंत्या, आणून ठेवतात, लॉक फाईल बदलून. पॅच आणि मायनर (तिसऱ्या आणि मधल्या आकड्याचे बदल) एकत्र एकाच रिक्वेस्टमध्ये बांधा, नाहीतर सकाळी चाळीस मेल बघून लोक आठवडाभरात तो बॉटच बंद करतात. मेजर (पहिल्या आकड्याचे) बदल वेगळे, एकेक, रिलीज नोट वाचून. आणि दोन्ही साधनांत एक सोय आहे ती जरूर वापरा: आवृत्ती प्रसिद्ध होऊन ठरावीक दिवस उलटल्याशिवाय तिची रिक्वेस्टच काढायची नाही. आठवडा ठेवा. चॉक-डीबगसारख्या भानगडी बहुतेक वेळा काही तासांत, फार तर काही दिवसांत उघडकीला येतात, तेवढा वेळ जगातल्या इतर लोकांना आधी धडकू द्या. स्वार्थी सल्ला आहे, पण सहा जणांच्या टीमने पहिला मान घ्यायची गरज नाही. सिक्युरिटी अलर्ट आला तर मात्र हा आठवडा थांबायचा नियम लागू नाही. त्या दिवशी हातातलं काम खाली ठेवायचं, तेवढं एकच पॅकेज वर न्यायचं आणि चढवायचं. ते खोल कुठेतरी दुसऱ्याच्या पोटात असेल तर पॅकेज डॉट जेसनमध्ये 'ओव्हरराइड्स' नावाचा भाग घालून त्याची आवृत्ती वर ढकलता येते. शेजारी तारीख आणि कारण कुठेतरी लिहून ठेवा, ओव्हरराइड कायमचा राहायला नको.

पंधरवड्याच्या त्या दिवसालाही सुट्टी हवी. तुमचं कॅलेंडर पुण्या-बंगळुरूच्या कॅलेंडरसारखं नाही. अधिवेशन लागलं की ट्रॅव्हल्सवाल्यांचं काही हलवायचं नाही, आधीचा एक आठवडा धरून. कळमन्याला संत्र्याची आवक जोरात असते तेव्हा अडत्याच्या पावत्यांना हात लावायचा नाही. त्याला तारखा विचारून घ्या, मृग आणि आंबिया दोन्ही बहारांच्या. त्या काळात सिक्युरिटीचं तेवढं अपवाद. हे सगळं नियमात तारखांसकट लिहा, नाहीतर कोणीतरी उत्साही माणूस नेमका तेव्हाच मंगळवार साजरा करेल.

आणि बिल्ड हिरवा असताना तारखा चुकल्या, ते अजून राहिलंच. लॉक फाईल असती तर तो बदल त्या रात्री आला नसता, पण एखाद्या मंगळवारी आला असताच. तेव्हा तो पकडायला टेस्ट हवी. तारीख एक दिवस मागे जाते त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: आपली १५ तारखेची मध्यरात्र म्हणजे यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) १४ तारखेचे संध्याकाळचे साडेसहा. कोणीतरी वेळ काढून टाकून नुसती तारीख ठेवली की दिवस गेला. बुकिंगला १५ डिसेंबर द्या, साठवा, परत वाचा आणि १५च येते का बघा. ही टेस्ट दोनदा चालवा, एकदा टाइमझोन एशिया-कोलकाता ठेवून आणि एकदा यूटीसी ठेवून. सीआयची मशीन बहुधा यूटीसीवर चालतात, म्हणूनच तिथे सगळं हिरवं दिसतं. अशा पाच-सात टेस्ट, पैसे आणि तारखा जिथे हलतात तिथल्या, एवढ्या असल्या तरी मंगळवारचं पुल रिक्वेस्ट निर्धास्त मर्ज करता येईल. त्या नसतील तर बांधा की सोडा, दोन्ही सारखंच.

तुमच्या स्वतःच्या लायब्ररीला मात्र नियम उलटा आहे. तिथे सरांचं ऐकलंत तर फसाल. अॅप शेवटचं टोक असतं, त्याने नेमकी आवृत्ती धरावी. लायब्ररी दुसऱ्याच्या घरात जाते. तिने प्रत्येक गोष्ट घट्ट धरली तर तीन प्रोजेक्टांपैकी कोणाचं तरी तिच्याशी वाकडं येणारच. नोडमध्ये मग एकाच पॅकेजच्या दोन प्रती शेजारी-शेजारी बसतात आणि 'हा ऑब्जेक्ट त्या क्लासचा नाही' अशा विचित्र चुका निघतात. पायथनमध्ये पिप सरळ नकार देतं. म्हणून लायब्ररीत मर्यादा सैल ठेवा. तिची लॉक फाईल तिच्या स्वतःच्या टेस्टसाठी असू द्या, वापरणाऱ्याकडे ती जातच नाही. आणि मेन ब्रँचवरून घेणं बंद. टॅग लावा, आकडा द्या. गो भाषेने तर या बाबतीत अख्ख्या जगाच्या उलट रस्ता धरला: ती उपलब्ध असलेली सर्वांत नवी आवृत्ती घेतच नाही, सगळ्यांच्या किमान अटी भागतील अशी सर्वांत जुनी घेते. त्यामुळे बाहेर कोणी नवीन आवृत्ती काढली म्हणून गोचा बिल्ड हलत नाही. मला हा विचार फार आवडतो, पण नोडमध्ये तो मिळणार नाही.

डॉकरफाईलची, म्हणजे सर्व्हरवर चढवायची इमेज बांधायच्या कृतीची, पहिली ओळ तेवढी बघून घ्या. 'लेटेस्ट' असेल तर काढाच, पण आकडा असला म्हणून निर्धास्त होऊ नका. पायथन ३.११-स्लिम हा टॅग जून २०२३ मध्ये तोच राहिला आणि खालचं डेबियन लिनक्स बुल्सआय आवृत्तीवरून बुकवर्म आवृत्तीवर गेलं. टॅग हलवता येतो, डायजेस्ट (इमेजचा हॅश) हलवता येत नाही. डायजेस्ट लिहा आणि तोही रेनोव्हेटला वर नेऊ द्या. गिटहब अॅक्शन्सला (गिटहबवरच्या सीआयच्या तयार पायऱ्यांना) तोच न्याय: मार्च २०२५ मध्ये टीजे-अॅक्शन्सच्या एका लोकप्रिय अॅक्शनचे जुने टॅगसुद्धा हल्लेखोराने वाईट कमिटकडे वळवले होते. पूर्ण कमिट हॅश लिहिणाऱ्यांकडे आधीचाच कोड चालत राहिला.

राहिला ता. क. पॅकेज गायब होण्याचा गाजलेला प्रसंग मार्च २०१६ चा, लेफ्ट-पॅडचा. अकरा ओळींचं पॅकेज कर्त्याने रजिस्ट्रीतून काढलं आणि बेबल या जावास्क्रिप्टच्या लोकप्रिय साधनासकट असंख्य बिल्ड कोसळले. एनपीएमने ते परत आणून ठेवलं आणि नंतर काढण्याचे नियम कडक केले: ७२ तास उलटलेलं, इतर जण वापरत असलेलं पॅकेज आता सहज काढता येत नाही. लॉक फाईल यात उपयोगी नाही, ती पत्ता सांगते, माल ठेवत नाही. मोठ्या कंपन्या यासाठी मधला स्वतःचा रजिस्ट्री सर्व्हर चालवतात. तुम्हा सहा जणांना तो सांभाळायला सातवा माणूस लागेल, नका त्यात पडू. नोड मॉड्यूल्स गिटमध्ये घालायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर तोही नको. प्रत्येक डिप्लॉयची बांधून तयार झालेली इमेज कमिटच्या हॅशचा टॅग लावून डॉकर इमेजच्या रजिस्ट्रीत ठेवा. रोलबॅक म्हणजे जुनी इमेज पुन्हा चढवणं, पुन्हा बिल्ड करणं नव्हे. जागा भरते म्हणून जुन्या इमेज पुसायचा नियम कोणीतरी लावेलच, तेव्हा प्रॉडक्शनवर चालू असलेली आणि तिच्या आधीच्या दोन त्यातून वगळायला सांगा.